आप्पांनी शिवलेलं पोतं

खांदेश्वर,
रविवार, दुपार

प्रिय आप्पा,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही 'जेवलीस का' विचारता आणि मी 'हो' म्हणायच्या आत 'आईकडं दे' म्हणता. तेवढ्यात मी काय काय सांगणार? म्हणून लिहायला बसले. तुम्ही पेपर अगदी जाहिरातींसकट वाचता, तेव्हा हेही शेवटपर्यंत वाचाल. काकांच्या घराचा स्लॅब भरून झाल्याचं आई म्हणाली. आता तरी कंबरेला विश्रांती द्या. गावात कुणाचं पोतं हलेना, की लगेच पाठ द्यायला पळू नका.

तुमचं पोतं मात्र इथं गच्चीवर, टाकीखालच्या बीमला मजेत लटकतंय. सोसायटीचे चेअरमन रावसाहेब यांचं घर नेमकं त्याच्याखाली, त्यामुळे त्यांची कुरकुर चालू असते. तुम्ही नसल्यामुळे ती आईला ऐकावी लागते. पण आईही आता तयार झालीय. परवा त्यांना म्हणाली, "पोरगी पोत्याला मारते, भाऊजी, तुमाला न्हाय." ही तीच आई, जी मी नववीत असताना 'नाक मोडलं तर पोरीला कोन करंल' म्हणून दोन दिवस रुसली होती. तेव्हा तुम्ही जेवता जेवता एवढंच म्हणालात, "नाक मोडनारी ती हाय." मला केवढा जोर आला होता त्या दिवशी!

आपल्या भागात बॉक्सिंगचा क्लास नाही. मोबाइलवर बघून मी उशीला ठोसे मारायचे आणि घरभर कापूस व्हायचा. तुम्ही ओरडला नाहीत. वाशीच्या मार्केटातून येताना खाकेत बारदान घेऊन आलात, दाभण-सुतळी काढलीत आणि गच्चीवर बसलात. वाळू आणि भुसा काठीने ठासून ठासून भरलात. आतला दाणा हलता कामा नये, पाठीवर माल हलला की माणसाचा तोल गेलाच, हा तुमचा कायदा. पोतं असं झालं, की तुमची सगळी हमालांची टोळी बघून खूश झाली असती. माझं मनगट मात्र पहिल्याच संध्याकाळी टम्म सुजलं.

ते मी तुमच्यापासून लपवलं. पण ऐरोलीला बॉक्सिंग शिकवणाऱ्या नमिता मॅडमकडे रविवारी गेले, तर त्यांनी हात धरून विचारलं, "भिंतीवर प्रॅक्टिस करतेस काय गं?" पोतं मुठीखाली जरा दबलं पाहिजे, नाहीतर हाड जाईल, म्हणाल्या. हे तुम्हाला सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. सांगितलं, तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं झालं. "सैल पोतं? लोक हसत्याल मला!" पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही मुकाट्याने टाके उसवलेत, वाळू काढलीत आणि आईच्या जुन्या साड्या नि तुमचे फाटके सदरे आत कोंबलेत. जन्मात मुद्दाम सैल शिवलेलं तुमचं ते पहिलंच पोतं असणार. तुमच्याच सदऱ्यांना रोज ठोसे मारते म्हणून आई मला चिडवते. मला ते पोतं जगातल्या सगळ्या बॅगांपेक्षा आवडतं, आप्पा. हे तोंडावर कधी म्हणता आलं नाही.

आता ऐरोलीच्या सामन्याचं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी गावाला गेलात, आणि जिंकले एवढंच तुम्हाला कळलं. समोर सीवूड्सची उंच मुलगी होती. पहिल्या फेरीत तिचा ठोसा सरळ माझ्या नाकावर बसला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं, तर खुर्चीवर फक्त तुमचा टॉवेल. दुसऱ्या फेरीत मी तिच्या जवळ शिरले. जवळून मारायची सवय मला पोत्याने लावलीय, कारण टाकीखाली मागे सरायला जागाच नाही! तिसरीत ती दमली, मी नाही. पंचांनी माझा हात वर केला, तेव्हा आई एवढी ओरडली, की पंचांनीच वळून पाहिलं. तुम्ही गेटबाहेर चहाच्या टपरीशी हॉलला पाठ करून उभे होता, हे आईने मला नंतर सांगितलं. हातातला चहा तसाच निवून गेला होता म्हणे. मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आला होता.

मग मला मार्केटातल्या पूजेचा दिवस आठवला. मी लहान होते, प्रसाद घेऊन तुमच्याजवळ आले आणि तेवढ्यात एक ट्रक लागला. तुम्ही पाठीवर पोतं घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढू लागलात. फळी वाकली आणि मी डोळे गच्च मिटले. तुम्ही खाली येऊन घाम पुसत हसलात आणि म्हणालात, "डोळं मिटून बसलीस, तर बाप पडला का पोचला, तुला कळायचं कसं?" पुढच्या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. भीती तेवढीच वाटत होती, पण तुम्ही वर पोचलात ते मी पाहिलं. आप्पा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पनवेलला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. पडेन का पोचेन, मला माहीत नाही. तुमच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवते. या वेळी तिच्यावर टॉवेल नको, तुम्ही बसा.

तुमचीच,
सुनयना