माशाचं तोंड माझ्याकडे

प्रिय यान,

रागावली असशील. रागाव, पण हे वाचून झाल्यावर, म्हणजे राग नेमक्या जागी तरी पडेल.

परवा जेवणाच्या खोलीत शिरल्यापासूनच माझ्या पोटात दुखत होतं. दाराकडे तोंड असलेली यजमानाची खुर्ची तुझी, आणि समोर, दाराकडे पाठ करून, दुय्यम यजमान मी. एकोणीस वर्षं मी तिथेच बसते आहे. कपबश्यांच्या सौद्याला आलेल्या कितीतरी पाहुण्यांना मी जोंधळ्याची दारू पाजली, पण समोरची खुर्ची काही मिळाली नाही. तुला ती नोकरीच्या सातव्या वर्षी मिळाली! आणि तुला शिकवलं कोणी? पाहुण्याचं कार्ड दोन्ही हातांनी घे, खिशात कोंबू नकोस, वाचून समोर ठेव. प्याले भिडवताना मोठ्यांच्या प्याल्याहून आपला प्याला खाली धर. पहिल्या वेळी तू तो इतका खाली नेलास की माझ्या बाहीवर सांडलास, आणि "छू ताई, आता आणखी किती लहान होऊ?" म्हणून हसत सुटलीस.

परवा तुझं काही म्हणजे काही चुकेना, त्याचाच मला राग येत होता. पोर्तुगालचे ते दोघे पाहुणे जेवणाच्या काड्यांशी झटत होते, तर तू काटे मागवलेस आणि आधी स्वतः काट्याने खायला लागलीस. हे मी शिकवलेलं नव्हतं.

मग अख्खा मासा आला. त्याचं तोंड मुख्य पाहुण्याकडे, आणि ज्याच्याकडे तोंड त्याने आधी प्यायचं, हे आपल्या शानतुंग प्रांतात शेंबडं पोरही सांगेल. तू टेबलावरची फिरती काच हळूच फिरवलीस आणि मासा माझ्यासमोर थांबवलास. पाहुण्यांना म्हणालीस, "या आमच्या ताई. मला जे येतं ते यांचंच." त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मासा त्यांच्याकडे वळवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "यानबाई, नियम विसरलात वाटतं!" तुझा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

उद्याच्या करारानंतरच्या जेवणाला यजमानाची खुर्ची तुझ्याकडून काढून मला का दिली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. खुर्च्या ठरवणारे तंग साहेब परवा गावात नव्हते. काल त्यांनी मला विचारलं, जेवण कसं झालं? मी म्हणाले, "यान कच्ची आहे अजून. पाहुण्यांचा मान चुकवला." एवढंच. एकोणीस वर्षांनी खुर्ची मिळाली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आज सकाळी जाऊन त्यांना सगळं खरं सांगून आले. खुर्ची पुन्हा तुझी आहे. उद्या मी माझा प्याला तुझ्या प्याल्याखाली धरणार. तुझा आणखी खाली नेऊ नकोस, सवय आहे तुला. एकदा तरी वर राहा. माझ्या पोटात दुखेल, पण प्याला एका दमात रिकामा करीन.

तुझीच, अजून तसं म्हणत असशील तर,
छू ताई