मधल्या दोन ओळी

११ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिकीट मिळालं. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. मला मात्र निवांत लिहिणं जमणार नाही. हे पत्र दुकानात, डाग काढायच्या टेबलाशी उभ्यानं लिहिते आहे, आणि आतापर्यंत तीनदा पेन ठेवून उगाच दारापर्यंत जाऊन आले. डिसेंबर म्हणजे आम्हा ड्रायक्लीनिंगवाल्यांची परीक्षाच. गावातला प्रत्येक कोट आमच्याकडे लटकलेला आणि प्रत्येकाला तो कालच हवा असतो.

कार्यक्रम एकवीस तारखेला, दुपारी चार वाजता, टाउन हॉलमध्ये. नाताळच्या गाण्यांचा. रेडिओवर गायच्या त्या आपल्या बाई आता सत्तरीच्या पुढे गेल्या. सहा वर्षं त्या जाहीर गायल्या नव्हत्या. आणि या वेळी त्या ते गाणं म्हणणार आहेत, दादा. आपल्या कॅसेटमधलं.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी बाईंची मुलाखत छापून आली होती. ते गाणं त्यांनीच लिहिलेलं, रेडिओवर एकदाच म्हटलेलं. पुढे घर बदलताना वही हरवली आणि रेडिओवाल्यांकडेही ते राहिलं नाही. कोणाकडे असेल तर कळवा, असं त्यांनी म्हटलं होतं. कोणाकडे असणार? चौतीस वर्षांपूर्वी बाबांनीच तेवढं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते भरून घेतलं होतं. मी कॅसेटची नक्कल काढून बाईंना पाठवली, आणि सोबतच्या पत्रात ठोकून दिलं की गाणं संपूर्ण आहे.

संपूर्ण नाही, हे तुला आणि मलाच ठाऊक. दुसऱ्या कडव्यात खिडकीत दिवा ठेवला जातो आणि लगेच सकाळ होते, दारापुढच्या बर्फात पावलं उमटलेली. मधल्या दोन ओळी गायब. मशीननं टेप खाल्ली आणि बाबांनी तेवढा भाग कापून ती जोडली, एवढंच आपल्याला माहीत. बाबा पडले रफूवाले. फाटलेलं कोणाला दिसू देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. जोड कुठे आहे ते कानाला कळत नाही. पण मी ते पाच हजार वेळा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी तिथे आलं की जीव टांगणीला लागतो. ती पावलं येणाऱ्याची की जाणाऱ्याची? ते त्या दोन ओळींतच असणार.

तुकडा गाळलेला आहे असं लिहिलं तर बाई कॅसेट बाजूला टाकतील, अशी मला भीती वाटली. आता मनाशी म्हणते, त्यांचंच गाणं, ऐकल्यावर मधलं त्यांना आपोआप आठवलं असेल. आठवलंच असेल ना? कोणीतरी हो म्हणा रे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, वर अडकलेली माणसं लिफ्टमधून उतरवून झाली की चार ओळी माझ्यासाठीही खाली धाड.

तुझी धाकटी,
भिंगरी


१५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. उभ्यानं लिहिल्याचं अक्षरावरून कळलंच. सगळ्या ओळी जिना चढताहेत. फोन न करता पत्र लिहिलंस ते उत्तम केलंस. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता श्वास घेतो.

इकडे एका बारा मजली इमारतीच्या लिफ्टनं पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मध्ये थांबायची सवय लावून घेतली आहे. काल आत अडकलेल्या आजींनी मी पोचेपर्यंत अर्धा मोजा विणून काढला होता. उरलेला अर्धा विणेपर्यंत दार उघडू नका, असंही वर मला सांगत होत्या.

कार्यक्रमाला जा, चांगला कोट घाल, पोटभर ऐक. पण त्या दोन ओळींचा नाद सोड. चौतीस वर्षं त्यांच्यावाचून तुझं काही अडलं नाही. बाईंना आठवल्या असतील तर ठीक, नसतील तर कोणाला कळणार आहे? आणि कोणाला काही सांगत बसू नकोस.

तुझी वहिनी म्हणते की तुझं पत्र आल्यापासून मी जेवताना गप्प असतो. तिचं मनावर घेऊ नकोस, ती माझे घासही मोजते. लोभ आहे तसा राहू दे, उगाच ढवळू नकोस.

तुझा,
दादा ऊर्फ ठोंब्या


२२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कुठून सांगू? घोटाळा झाला आहे आणि तो मीच केला आहे.

चारचा कार्यक्रम, मी दोनलाच जाऊन रांगेत उभी. कोट जमा करायच्या खिडकीशी गंमत झाली. माणूस एकही ओळखीचं नव्हतं, पण निम्मे कोट माझ्या हाताखालून गेलेले. एका हिरव्या कोटाच्या कॉलरवरचा शाईचा डाग मी दोन दिवस झगडून काढला होता. त्याला विचारावंसं वाटलं, बरा आहेस ना. माझी खुर्ची तिसऱ्या रांगेत, कडेची. स्टेजवर एक मोठं झाड, त्यावर दिव्यांच्या माळा, काळा पियानो, बाकी काही नाही. कार्यक्रमपत्रिकेची घडी घालून आणि उलगडून मी तिच्या पार चिंध्या केल्या.

बाई आल्या. दादा, केवढ्याशा आहेत त्या! रेडिओवरून मला त्या नेहमी दारातून वाकून येणाऱ्या वाटायच्या. निळी शाल, काठावर चहाचा डाग. पहिल्या गाण्याला आवाज कापला. तिसऱ्या गाण्यापासून मात्र असा लागला की काय सांगू. आवाज आता जरा जाड झाला आहे, पण शब्द सोडताना त्या अजून तशाच किंचित रेंगाळतात. ते ऐकलं आणि मी परत सहा वर्षांची झाले, बाबांच्या टेबलाखाली दोऱ्यांच्या तुकड्यांत बसलेली. इतका आनंद मला झेपेना. सारखी बूड हलवत होते.

शेवटचं गाणं आपलं. त्याआधी बाईंनी सांगितलं की हे गाणं त्यांनी गमावलं होतं, आणि कोणा एका बाईंनी ते अक्षरही न हरवता जपून ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत इतकी खाली घसरले, की शेजारच्या गृहस्थांनी बरं वाटत नाही का म्हणून चौकशी केली.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात त्यांनी खिडकीत दिवा ठेवला. मी श्वास धरला. आणि बाईंनी थेट सकाळ केली. बर्फ, पावलं, सगळं आपल्या कॅसेटसारखं, बाबांनी जिथे कात्री लावली नेमकं तिथेच. मागच्यांनी खाली बसा म्हणून सांगितलं तेव्हा मला कळलं की मी उठून उभी राहिले आहे.

नंतर खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून आत भेटायला गेले. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, की त्यांना चाल तेवढी आठवत होती, शब्द सगळे कॅसेटवरून घेतले. दिव्यावरून एकदम बर्फावर घेतलेली ती उडी ऐकून त्या स्वतःच चकित झाल्या. तरुणपणी आपल्यात केवढी धमक होती असं त्यांना वाटलं. अरे, ती धमक नव्हे, बाबांची कात्री! ते सांगायला गेले होते, शालीवरच्या डागाला काय लावायचं तेवढं सांगून परत आले.

आता वीस जानेवारीला त्या गाण्याचं रेकॉर्डिंग आहे. म्हणजे चूक कायमची. कालपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. दुकानात आज एकाचा कोट दुसऱ्याला दिला. सांगावं तर बाईंचा आनंद जातो, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे त्या ओळी नाहीत. न सांगावं तर त्यांचं गाणं जन्मभर माझ्या थापेवर उभं. आणि तू सांगत बसू नकोस असं का लिहिलंस? तू इतकं तुटक कधी लिहीत नाहीस.

लोभ ठेव, पण या वेळी त्याच्यासोबत सरळ उत्तरही ठेव.

तुझी,
भिंगरी


२९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोबत बाबांची सुयांची डबी रजिस्टर पार्सलनं पाठवतो आहे. उघडताना हात कोरडे असू देत आणि पंखा, खिडकी बंद कर. आत हातभर टेप आहे. त्या तुझ्या दोन ओळी.

मशीननं टेप खाल्ली नव्हती. गाणं भरून घेतलं त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, श्वाससुद्धा बेतानं घ्या. आणि ऐन गाण्यात आई बोलली. बाबा चिडले, आई हसली, तेवढ्यावर ते मिटलं. कॅसेट तशीच वाजायची. मग उन्हाळ्यात आई गेली. त्यानंतर ती जागा आली की बाबा उठून बाहेर जायचे. एका दुपारी तू शेजारी खेळायला गेली होतीस. त्यांनी कात्री घेतली, आईच्या आवाजाचा तेवढा तुकडा काढला आणि टेप जोडली. मी दारात उभा होतो. मशीननं टेप खाल्ली असं सांगायचं, असं त्यांनी मला बजावलं. दहा वर्षांचा होतो. आजवर तेच सांगत आलो.

बाबा गेल्यावर त्यांचं सामान आवरताना ही डबी सापडली. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती खिशात घातली. वाजवायला गेलो आणि तुटली तर संपलं, ही भीती खरी होती. पण तेवढंच खरं नव्हतं. तुला आईचा आवाज आठवत नाही म्हणून तुला त्याची उणीव नाही, असं मी स्वतःला समजावलं. मला आठवतो म्हणून तो माझा. आता मलाही आठवत नाही, भिंगरी. कित्येक वर्षं झाली. ती काय बोलली तेही आठवत नाही. टेप मी एकदाही वाजवली नाही. फार लाज वाटते.

तू वाजव. तुटली तर तुला बोल लावणार नाही. बाईंना त्यांच्या ओळी दे आणि मला काय ते कळव. मी स्वतः घेऊन आलो असतो. सुट्टी नाही असं लिहिणार होतो, पण सुट्टी आहे, धीर नाही.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसं लिही. मी समजेन.

तुझा,
ठोंब्या


१३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डबी पोचली. दोन दिवस ती कपाटावर ठेवून मी तिच्याभोवती घर झाडत होते. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी तुकडा एका रिकाम्या कॅसेटमध्ये जोडला, नक्कल उतरवायला दुसरं मशीन लावलं, आणि एकदाच वाजवणार, हलू नका, असं मला दरडावलं. दादा, मी हलले नाही. लग्नातसुद्धा इतकी स्थिर बसले नव्हते.

नऊ सेकंद आहेत. बाईंचे शब्द लागत नाहीत. काकांनी नकलेवर सगळी बटणं फिरवून पाहिली; मागे चाल ऐकू येते, शब्द एकही नाही, कारण आई टेपरेकॉर्डरच्या अगदी शेजारी बसलेली. ती तुला सांगते की ठोंब्या, खुर्ची वाजवू नकोस. मग मला सांगते की भिंगरी, एका जागी बस. मग दोघांनाही, की गप्प बसा, बाबांचं गाणं बिघडेल. आणि मागून बाबा तिलाच शूऽऽ करतात. एवढंच. इतकी वर्षं मला वाटायचं की भिंगरी हे नाव बाबांनी ठेवलं. आईचा आवाज घोगरा आहे रे, मला वाटला होता त्याहून खूप खालचा. मी रडायला लागले तेव्हा काका काही काम नसताना बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या रागावल्या, आणि ते रास्तच होतं. दोन ओळी नाहीत असं सरळ लिहिलं असतंस तरी कॅसेट मी डोक्यावर घेऊन नाचले असते, असं म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्यांनी नक्कल ऐकली. पुन्हा लावायला सांगितली. शब्द त्यांनाही आठवले नाहीत आणि पावलं कोणाची तेही सांगता येईना. मी नव्या ओळी लिहिण्याविषयी विचारलं, तर नाही म्हणाल्या. तेवढी जागा आता राखून ठेवायची. तिथे त्या गाणार नाहीत, पियानो तेवढा हळू चालू राहील. वीस तारखेला तसंच भरायचं ठरलं आहे.

तुझ्यावर राग आहे. तो पत्रात मावणार नाही, समोर आलास की काढीन. लोभ त्यातून वेगळा काढून ठेवला आहे, तो होता तेवढाच आहे. नक्कल सोबत पाठवते. ऐकताना वहिनींना शेजारी बसव.

पुढच्या नाताळला बाई परत गाणार आहेत, मी दोन तिकिटं काढणार आहे. लिफ्टा अडकल्या तर अडकू देत, आजींना मोजे विणू देत. खिडकीत दिवा ठेवून झाला की बाई थांबतील, सगळं सभागृह शांत होईल, आणि तेवढ्यात आई आपल्या दोघांना गप्प बसा म्हणेल. तेव्हा खुर्ची वाजवू नकोस.

तुझी,
भिंगरी