चांदी गेलेले अकरा रिले

क्लेटन, मंगळवार

बाबा, जयभीम.

१. काल विद्यापीठातला सत्तर वर्षांचा, रिलेच्या स्विचांवर चालणारा कॉम्प्युटर बेरीज चुकला.
२. मी अकरा रिलेंचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासले.
३. त्यांवरची चांदी निघाली. अकराही बंद पडले.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुम्ही कॉन्टॅक्ट साफ करायला त्यांच्यामधून नुसती कोऱ्या कागदाची पट्टी ओढायचात. त्या पट्ट्या मीच कापून द्यायचे, तरी विसरले. सुपरवायझर "नो वरीज, मेट" म्हणाला आणि त्याने भंगारवाल्याला येत्या शुक्रवारी यायला सांगितलं.

मी वेळेवर जेवते. तुम्ही कानाचं मशीन लावता ना? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून या पत्राचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठवते आहे.

हे कॉन्टॅक्ट वाचतील का? वाचणार नसतील तर तसं स्पष्ट लिहा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.

क्षितिजा