चोवीस नंबरची पिन

५ एप्रिल, रविवार.
मिरची कांडपाच्या यंत्राची पिन पुन्हा घासली. मुसळं वर उचललीच जात नाहीत, नुसती कुरकुरतात. दीर आप्पाराव दारातूनच म्हणाले, वहिनी, पुढल्या रविवारपर्यंत मशीन चाललं न्हाई तर शेड रिकामी करा, माझी सोयाबीन ठेवायची हाय. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला अल्टिमेटम! यंत्र शेडमधून हलणार नाही. पिन आता मीच निवडणार.

६ एप्रिल.
इंटरनेटवर सगळं वाचलं. जुनी पिन माइल्ड स्टीलची. माइल्ड! नावातच दोष. असला एक माइल्ड माणूस मी जन्मभर सांभाळला. ईएन-आठ आणि ईएन-चोवीस अशा सळया मिळतात. चोवीस म्हणजे आठच्या तिप्पट टिकणार, उघड आहे. शिवाय ‘हीट ट्रीटेबल’. म्हणजे उन्हाळा सोसणारी. आमच्या नेकनूरला तेच हवं.

८ एप्रिल.
एसटीने बीडला, लोखंड कातणाऱ्या वाहेदच्या लेथवर. तो आठ म्हणाला, मी चोवीस. तुमी म्हनाल तसं, मॅडम. याला म्हणतात मॅनर्स. पिन कातून झाल्यावर अदबीने विचारलं, पानी द्यायचं का? म्हटलं, नो थँक यू, घरून उकळून आणलंय. बघतच राहिला. स्वच्छतेचं यांना भारी नवल.

९ एप्रिल.
पिन बसवली. यंत्र धडधडतंय. शेजारच्या साखराबाईंनी लेकीच्या लग्नाची सगळी मिरची आणून टाकली. म्हणाल्या, दिसता तशा न्हाई तुमी! कॉम्प्लिमेंट समजले.

११ एप्रिल.
थोडी खडखड. नवी चप्पलही आधी चावतेच.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी.
पिन खडूसारखी झिजली. साखराबाईंची अर्धी मिरची तशीच. त्या म्हणाल्या, लगीन पुढं ढकलू का आता?
वाहेदला फोनवर झापलं. तो म्हणतो, मॅडम, पानी द्यायचं का इचारलं, तुमी नको म्हनला. पाण्याचा काय संबंध? तर लोखंड लालभडक तापवून तेला-पाण्यात बुडवतात, मग ते कडक होतं. त्याला म्हणे पाणी देणं म्हणतात. हीट ट्रीटमेंट तीच. त्याशिवाय चोवीस नंबर वाया.
मग तेव्हाच बोलला का नाहीस?
तुमीच म्हनला, घरून उकळून आणलंय. मला वाटलं, घरीच देता.

दुपारी.
आप्पाराव पोती घेऊन हजर. घामाघूम. उंबऱ्यावर टेकले, म्हणाले, वहिनी, जरा पानी द्या.
दिलं.