क्रेनवरच्या दादाचा फोटो

३ मार्च
निर्णय पक्का. दादा महिनाअखेरीस रिटायर होतोय. उभा जन्म टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये गेला, पण आईने त्याला काम करताना कधी पाहिलं नाही. आता तिला लांबचं दिसत नाही. मी फोटो काढणार. भिंतभर. दादाच्या मिशीचा केस न् केस. स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढून हात जरा गंजलाय, एवढंच.

६ मार्च
मोठ्या प्रिंटसाठी माझा मिडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आहेच. त्याला लांबचं जवळ आणणारी जुनी टेलिफोटो लेन्स बसत नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टर मागवलं. ही म्हणाली, भाऊजींना खाली बोलावून काढा की फोटो. कलेतलं हिला काय कळतं.

११ मार्च
अ‍ॅडॉप्टर आलं. दोघांना जोडणारी धातूची कडी. लेन्स बसली. थोडी हलते, रुळेल. फोटोचे चारही कोपरे काळे येतात. दुकानदार फोनवर म्हणाला, ही लेन्स एवढ्या मोठ्या सेन्सरला पुरत नाही. शिवाय जड आहे, स्टँड लेन्सच्या पायाला लावा, कॅमेऱ्याला नको. तो पाय मी कधीच काढून टाकलाय. उगाच वजन.

१९ मार्च
सराव. समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर हाताने फोकस केला. टाकी धूसर, मागचा अँटेना झकास. प्रगती आहे. उद्यापासून रोज पहाटे.

२० मार्च
उशिरा उठलो.

२८ मार्च
दादाचा फोन. नवीन शर्ट घालू का, विचारत होता. म्हटलं घाल, बटणंसुद्धा दिसतील. आई शेजारीच होती. दिवसभर खुशीत.

३१ मार्च
साइटसमोर स्टँड लावला. दादा केबिनमधून वाकून हात हलवत होता म्हणे. ही सांगते, मी फोकस शोधत होतो. एक फोटो झाला. दुसऱ्याच्या आधी अ‍ॅडॉप्टर वाकलं आणि लेन्स कॅमेऱ्याचं तोंड उचकटून खाली पडली. वाऱ्यामुळे.
दादाने वरून फोन करून विचारलं, झालं का, उतरू का. म्हटलं, झालं, उतर.

५ एप्रिल
क्रेन मोडून नेली. होता तो फोटो मोठा छापला. कोपरे काळे, मध्ये केबिनचा पिवळा डाग, मागचा ढग स्पष्ट. आईने चष्मा पुसून पुसून पाहिला. विचारलं, यात माझा लेक कुठंय. दादाने तिचं बोट धरून डागावर ठेवलं. म्हणाला, हा काय, हात हलवतोय तुला. ती हो हो म्हणाली.
वाऱ्याचं काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलंच नाही.