चैनलालदादा आणि धुराची पेटी

सौंदड,
फेब्रुवारी २०११

श्री. लोकेंद्रभाऊ यांस,

भुवनेश्वरचा रामराम. आपली बहीण भूमेश्वरी मजेत आहे, आणि भावाने पाठवलेल्या यंत्राने नवऱ्याची काय गत केली हे साऱ्या आळीला सांगून आणखी मजेत आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवावे. (फोनवरच विचारले असते, पण माझे चैनलालदादा सध्या आमच्या ओसरीत बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र.)

होय भाऊ, चैनलालदादा, आमच्या ओसरीत. वाटणीत तलावाखालची धानाची बांधी माझ्या वाट्याला आली, तेव्हापासून हा माझा सख्खा मोठा भाऊ, मध्ये एकच भिंत असून, आमच्याकडे पाणी प्यायलाही आला नव्हता. पोळ्याला बोलावले, दिवाळीला बोलावले, भूमेश्वरी स्वतः जाऊन आली, उत्तर एकच, "पोट भरून हाय." (दोन वर्षे कुणाचे पोट भरलेले राहत नाही, पण मोठ्या भावाला हे सांगणार कोण?) मला एकच आशा होती. बाबा असताना सणाचे उरलेले मटण चुलीवर टांगून धुरावर सुकवत, आणि त्यासाठी दादा शेतातून पळत येत. तसे मटण आपण करावे आणि दादांनी एकदा तरी माझ्याकडे जेवावे, एवढीच माझी इच्छा.

आता घरात गॅस आला, मागची चूल सणासुदीलाच पेटते, म्हणून मी धान साठवायच्या जुन्या पत्र्याच्या कोठीची पेटी केली. खाली विजेच्या शेगडीची कॉइल, तिच्यावर ताटलीत मोहाच्या लाकडाचा भुसा, वर टांगलेले मटण. नुसत्या कॉइलवर ते कधी कच्चे राही, कधी करपे, तेव्हा आपण आठवणीने टेंपरेचर कंट्रोलर पाठवलात. आतली उष्णता सेन्सर बघणार, पुरेशी झाली की कंट्रोलर कॉइल बंद करणार, कमी झाली की पुन्हा चालू. आपण काढून दिलेल्या चित्राबरहुकूम मी वायरिंग केले. (चित्र उलटे धरले होते हे भूमेश्वरीने वेळेवर दाखवले.) आपण बजावले होते की अर्थिंग असलेल्या प्लगलाच जोडा. तसा प्लग आमच्याकडे एकच, देवघरात. बाकीचे नावाला तीन भोकांचे. म्हणून कंट्रोलर देवघराच्या दाराशी ठेवला आणि खिडकीतून वायरी घरामागच्या पेटीत नेल्या.

आमच्याकडे मटण घराच्या आत येत नाही. चूल वेगळी, भांडी वेगळी, सारे घरामागे वाडीत. माझ्या मायने त्या वायरींकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा करंट देवाजवळून निघते, बकऱ्याले लागते, अन् परत देवाजवळ येते. मंग घर बाटत नाई का?" मी समजावले की जाड वायर कॉइलची, ती मटणाला शिवत नाही, मटणाजवळ जाते ती फक्त ही बारीक, सेन्सरची. हे सांगायला नको होते. मी पेटी चालू करून कोथिंबीर आणायला गेलो. मागे मायने सेन्सर हळूच बाहेर ओढला, धुतला आणि पाण्याच्या मडक्यात सोडून ठेवला. कंट्रोलरला वाटले पेटीत अजून माघाची थंडी आहे. तो बिचारा कॉइल तापवतच राहिला.

परत आलो तर धुराने घर दिसेना. भुसा पेटला होता, चरबी पेटली होती, आणि चैनलालदादा लुंगी खोचून, हातात बादली घेऊन, भिंतीवरून आत उतरत होते. त्यांनी आधी वायरीच्या मागाने आत धावत जाऊन प्लग काढला (मी सरळ पाणीच ओतणार होतो), पेटीवर ओली पोती टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माय कोठं हाय? तू कायले असा उभा राहिला? लागलं तर नाई तुले?" "पोट भरून हाय" सोडले तर दोन वर्षांत माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. भाऊ, मला रडू आले. धुरामुळे आले म्हणून खपून गेले.

मटणाचा कोळसा झाला होता. दादांनी हाडाजवळचा एक तुकडा खरवडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "बाबाचंही असंच करपे." भूमेश्वरीने भात वाढला. ते जेवले.

तेव्हापासून ते रोज येतात. मोटारपंप खोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि आपला कंट्रोलर बिघडलेला आहे असे ते ठामपणे म्हणतात. टेस्टर कानावर अडकवून येतात, स्क्रू काढतात, तेच स्क्रू लावतात, मध्ये चहा होतो, कधी जेवण होते. परवा त्यांनी आपणहून विचारले, "बांधीत पाणी बराबर येऊन राहिलं ना?" हे सारे आपल्या पार्सलमुळे झाले. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भुवनेश्वर

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. दादांनी भूमेश्वरीकडून आपला नंबर घेतला आहे. ते फोन करून बिघाड विचारतील. यंत्र ठणठणीत आहे, सेन्सर पेटीत घातला की झाले, हे कृपा करून सांगू नये. एखादा पार्ट परदेशातून यायचा आहे असे काहीतरी सांगावे. यंत्र सुधारले तर त्यांनी कोणत्या निमित्ताने यायचे?

आणखी ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दादा येऊन बसले. म्हणाले, "लोकेंद्रले फोन नाई करत मी. तार मडक्यात होती, ते मी पयल्याच दिवशी पाहलं." मग कानावरचा टेस्टर काढला आणि पहिला स्क्रू उघडायला घेतला.