लाल किंवा राजा

सेक्टर ४९, चंडीगड
२२ फेब्रुवारी

प्रिय क्षितू,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. सावकाश वाच. उत्तर हिंदीत दिलंस तरी चालेल. फोनवर तू "आई, ठीक हो ना?" विचारतेस, मी हो म्हणते आणि मग आपण फोन ठेवतो. आजचं सांगणं तसं जमणार नाही.

इथली थंडी आता उतरते आहे. दुपारी गच्चीवर ऊन छान असतं. समोरच्या गिल आंटी अकराला चहाला हाक मारतात, "आ जाओ भैणजी, कल्ले नहीं बैठना." एकटं बसू देत नाहीत, जाते मी. घरी मात्र बाबा गेल्यापासून सकाळचा चहा केलेला नाही.

आमचा पत्त्यांचा नियम तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. बाबांची बदली इथल्या केंद्रीय विद्यालयात झाली, तो पहिला हिवाळा. रजईतून आधी कोणी उठायचं यावरून रोज वाद. शेवटी त्यांनी उशाशी पत्त्यांचा कॅट ठेवला. सकाळी एक पत्ता काढायचा. लाल आला तर चहा ते करणार, काळा आला तर मी. मी म्हटलं, राजा आला तरी तुम्हीच. ते लगेच हो म्हणाले. गणिताचा मास्तर इतक्या सहज फसला याचा मला कितीतरी वर्षं आनंद होता. सव्वीस लाल आणि चार राजे, म्हणजे तीस पत्ते त्यांचे, बावीस माझे. मोजून मात्र कधी पाहिलं नाही. काढलेला पत्ता परत टाकायचा नाही, बाजूला ठेवायचा. त्यामुळे कॅट संपत आला की त्यांना रंग चढायचा. पुढच्या पत्त्याची शक्यता रजईतूनच सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. तू लहानपणी मध्येच शिरून "मैं निकालूँगी" म्हणायचीस.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी खिडक्या लावताना म्हणाले, "नलू, उद्यापासून तुला निवांत." मी कुकर लावत होते, काय म्हणून विचारलंही नाही. पहाटे झोपेतच गेले. हे वाक्य मी तुला सांगितलं तेव्हा तू रडलीस, "बाबा को पता था" म्हणालीस. तेव्हापासून मलाही तेच वाटत राहिलं. दुखत असेल, लपवलं असेल, आणि शेजारी असून मला कळलं नाही.

कॅट उशाशी तसाच होता. परवा चादर बदलताना हातात घेतला. काढायचे तीनच पत्ते उरले होते. ते उलटायला हात होईना, म्हणून काढलेले मोजत बसले. माझे जास्तीत जास्त बावीस असायला हवेत, निघाले चोवीस. वाटलं, दुसऱ्या कॅटातले दोन मिसळले. इस्पिक, किलवर ओळीने लावून पाहिले, एकही पत्ता दोनदा नाही. मग राजे हुडकले आणि लक्षात आलं. बदामचा आणि चौकटचा राजा मुळात लालच, ते आधीच त्यांच्याकडे होते. मी ते दोनदा मोजले होते. माझ्या अटीने त्यांच्या वाट्याला गेले ते फक्त दोन काळे राजे. अठ्ठावीस त्यांचे, चोवीस माझे. म्हणून मास्तर लगेच हो म्हणाले होते. मी एकटीच हसले, बऱ्याच दिवसांनी.

आणि मग पुढचं कळलं. माझे सगळेच पत्ते निघून गेलेत, म्हणजे ते तिन्ही पालथे पत्ते त्यांचे. न उलटता सांगता येतं. त्यांनी ते त्या संध्याकाळी मोजलेलं होतं. निवांत म्हणजे तेवढंच, क्षितू. तीन सकाळी मी रजईत पडून राहायचं. कुठे जायची त्यांची तयारी नव्हती, चहा करायची होती.

तेव्हा ते वाक्य आता तूही मनातून काढून टाक. आणि मी फोनवर "येऊ नकोस, मी ठीक आहे" म्हणते ते ऐकू नकोस. मी ठीक नाही. ते पत्ते अजून पालथेच आहेत. रजया गुंडाळून ठेवायच्या आत तीन सकाळींसाठी ये. तुझा चहा त्यांच्यासारखाच होतो, आलं जास्त, साखर कमी. पत्ता तू काढ. मी उठणार नाही.

तुझीच,
आई